पॅरिसची गाडी तुमच्या दोन मित्रांमुळे चुकली नाही

वाचकाचं पत्र

आम्ही पाच मित्र, परभणीतल्या एकाच शाळेतले, आता सगळे चाळिशी ओलांडलेले. दोन वर्षं पैसे साठवून मे महिन्यात युरोपला गेलो. व्हिसापासून तिकिटांपर्यंत सगळं मीच बघितलं. २४ मेला बर्लिनहून कोलोन आणि तिथून ४० मिनिटांनी पॅरिसची गाडी, दिवसातली शेवटची, असं ठरलं होतं. बर्लिन-कोलोनचं तिकीट एका अ‍ॅपवर काढलं, पाच जणांचं एकत्र, माझ्या नावावर, २०० युरोला. पॅरिसचं तिकीट आठवड्याने दुसऱ्या साइटवरून घेतलं. सीट रिझर्व्हेशनचे जादा पैसे पडत होते म्हणून ते केलं नाही.

बर्लिनला गाडीत गर्दी होती. आम्ही तिघं एका डब्यात चढलो, दोघं जागा दिसली म्हणून मागे गेले. हाम नावाच्या स्टेशनवर गाडीचे दोन भाग झाले आणि ते दोघं ड्युसेलडॉर्फला पोहोचले. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. इंटरनेट माझ्या हॉटस्पॉटवर चालायचं, तेही गेलं. पाचही पासपोर्ट माझ्या बॅगेत. टीसीने दोघांना मिळून १४० युरो दंड केला. आमची गाडी कोलोनला ७० मिनिटं उशिरा आली, ते दोघं आमच्यानंतर सव्वा तासाने पोहोचले. पॅरिसची गाडी गेली. रात्री तीन खोल्या ३३० युरो, मोबाइलवर काढलेली सकाळची नवी तिकिटं ७५० युरो, पॅरिसच्या हॉटेलची वाया गेलेली रात्र २८० युरो. दंड धरून १,५०० युरो गेले.

बाकीचे दोघं म्हणतात, ज्यांच्यामुळे झालं त्यांनी भरावं. ते ऐकून ड्युसेलडॉर्फला गेलेले ते दोघं ग्रुप सोडून गेले. त्यातला एक माझा बालवाडीपासूनचा मित्र आहे. रेल्वेकडून काही परत मिळेल का? पैसे कोणी द्यायचे? पुढच्या वर्षी स्वित्झर्लंड-इटली ठरलं होतं, ते आता बारगळल्यात जमा आहे.

– एक वाचक, परभणी

सल्ला

नमस्कार.

पैशांचं बोलण्याआधी घड्याळ बघू, कारण तुमच्या भांडणाचा निकाल तिथेच लागतो. कोलोनला तुमच्या हातात ४० मिनिटं होती आणि गाडी ७० मिनिटं उशिरा आली. म्हणजे तुम्ही तिघं, बरोबर डब्यात बसलेले, फलाटावर उतरलात तेव्हा पॅरिसची गाडी सुटून अर्धा तास झाला होता. ते दोघं तुमच्या मांडीला मांडी लावून बसले असते तरी ती गाडी मिळाली नसती. खोल्या घ्याव्या लागल्याच असत्या, सकाळची तिकिटं काढावी लागलीच असती, पॅरिसची रात्र वाया गेलीच असती. १,५०० पैकी १,३६० युरोंशी त्या दोघांचा काडीचा संबंध नाही. हे बाकीच्या दोघांना आजच सांगा. चिडलेल्या माणसाला 'जाऊ दे रे' म्हणून काही होत नाही. ४० आणि ७० हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा.

राहता राहिला १४० युरोंचा दंड. तो त्यांच्या हातून झाला हे खरं, पण चूक नेमकी कशी झाली ते समजून घ्या. बर्लिनहून ऱ्हाइन नदीच्या भागाकडे जाणाऱ्या बऱ्याच आयसीई गाड्या (जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या) म्हणजे एकीला एक जोडलेल्या दोन स्वतंत्र गाड्या असतात. हामला त्या सुट्या होतात. एक हागेन, वुपर्टालवरून कोलोनला जाते, दुसरी डोर्टमुंड, एसेन, डुइसबुर्गवरून ड्युसेलडॉर्फला. परभणी जंक्शनला अर्धी गाडी गंगाखेड-परळीकडे वळली आणि अर्धी पूर्णा-नांदेडकडे निघून गेली, तर जे होईल तेच झालं. आपल्याला सवय वेगळी आहे. गाडी हलायला लागली की दिसेल त्या डब्यात चढायचं, मग आतून चालत चालत आपल्या जागेवर यायचं. तिथे दोन गाड्या नाकाला नाक लावून जोडलेल्या असतात आणि मधून माणूस जायला वाट नसते. मागच्या भागात चढलेला माणूस गाडी चालू असताना पुढच्या भागात येऊच शकत नाही. मधल्या एखाद्या स्टेशनवर उतरून, फलाटावरून पळत जाऊनच डबा बदलावा लागतो.

ही गोष्ट चढण्याआधी कळण्याची सोय दारातच असते. प्रत्येक डब्याच्या बाहेरच्या अंगाला, दाराशेजारी, एक छोटी उजळलेली पाटी असते. तिच्यावर गाडीचा नंबर, शेवटचं स्टेशन आणि डब्याचा नंबर येतो. जोडलेल्या गाडीत दोन्ही भागांचे नंबर वेगळे आणि शेवटचं स्टेशनही वेगळं. डबेही बहुधा एका भागात विशीतले आणि दुसऱ्या भागात तिशीतले असतात. २३ नंबरच्या डब्यात बसलेला माणूस कोलोनला गेला असेल आणि ३३ मधला ड्युसेलडॉर्फला. फलाटावर ए, बी, सी अशी मोठी अक्षरं टांगलेली असतात आणि कोणता भाग कोणत्या अक्षरांसमोर लागणार ते फलाटावरच्या पाटीवर दिसतं. डब्यांचा क्रम ऐनवेळी उलटाही होतो. तशी सूचना पाटीवर येते, तेव्हा ए समोर उभा असलेला माणूस थेट दुसऱ्या भागापुढे उभा राहतो. गाडीत हामच्या आधी घोषणा होते, इंग्रजीतही होते, पण झोप लागलेल्या किंवा गप्पांत रंगलेल्या माणसाला ती ऐकू येईलच असं नाही.

तुमचा खरा घोळ रिझर्व्हेशन न करण्यात झाला. आपल्याकडे रिझर्व्हेशनचं तिकीट म्हटलं की डबा आणि बर्थ त्यावर छापलेला असतो. जर्मनीत तिकीट म्हणजे फक्त प्रवासाचा हक्क. सीटचे पैसे वेगळे, दुसऱ्या वर्गात माणशी पाचएक युरो. ते भरले की तिकिटावर डबा आणि सीट नंबर येतो आणि तो डबा तुम्ही जिथे निघालात त्याच भागातला असतो. तुम्ही पाच जणांचे मिळून पंचवीस-तीस युरो वाचवले आणि त्यासोबत 'आपण कोणत्या डब्यात' या प्रश्नाचं उत्तरही गमावलं. हा निर्णय एकट्या कोणाचा नव्हता.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही मनापासून सगळं अंगावर घेतलंत, दोन वर्षं कष्ट केलेत, आणि त्याबद्दल तुमच्या चारही मित्रांनी तुमचे आभार मानायला हवेत. पण पाच जणांचं तिकीट एका फोनमध्ये, पाच जणांचं इंटरनेट एका सिमवर आणि पाच पासपोर्ट एका बॅगेत, हा बंदोबस्त सगळे एकमेकांना चिकटून असतील तोवरच चालतो. गर्दीच्या फलाटावर दोन मिनिटांत माणसं सुटी होतात. त्या क्षणी तुमचे दोन मित्र परक्या देशात कागदाशिवाय, तिकिटाशिवाय आणि फोन असून मुके झाले. त्यांना किती भीती वाटली असेल याचा विचार बाकीच्या दोघांनी केलेला दिसत नाही. शिवाय जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. गाडीत पोलीस येऊन पासपोर्ट मागू शकतात. एखादी सीमा ओलांडताना ही वेळ आली असती आणि तुम्ही दुसऱ्या डब्यात असता, तर दंडापेक्षा मोठं प्रकरण झालं असतं.

तिकिटाचा मुद्दा आणखी नाजूक आहे. तिथलं ऑनलाइन तिकीट पाच जणांसाठी एकत्र काढलं तरी त्यावर एकाचंच नाव असतं आणि तो माणूस सोबत असावा लागतो. म्हणजे तुम्ही त्यांना पीडीएफ पाठवून ठेवली असती तरी ते तिकीट तुमच्याशिवाय कच्चंच ठरलं असतं. पाच जणांनी जायचं असेल तर पाच वेगळी तिकिटं काढा. बचत भाड्यात, म्हणजे ठराविक गाडीच्या स्वस्त तिकिटात, माणशी किंमत बहुधा तीच पडते, फक्त पाच वेळा नावं टाकायचा कंटाळा.

रेल्वेकडून काय मिळेल ते आता बघू. युरोपीय संघाचा प्रवासी हक्कांचा नियम, क्रमांक २०२१/७८२, ७ जून २०२३ पासून लागू आहे. मुक्कामी पोहोचायला ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर त्या तिकिटाच्या किमतीच्या २५ टक्के आणि १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मिळते. अतिशय खराब हवामान किंवा रुळावर बाहेरच्या माणसामुळे घडलेला प्रकार अशा कारणांना ती मिळत नाही. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा संप मात्र त्या सवलतीत बसत नाही, संपाने उशीर झाला तरी पैसे द्यावे लागतात. तुमचा उशीर ७० मिनिटांचा, तिकीट २०० युरोंचं, तेव्हा भरपाई ५० युरो, पाचही जणांची मिळून. ते दोघं कोलोनला जवळजवळ अडीच तास उशिरा पोहोचले म्हणून त्यांच्यासाठी ५० टक्के मागू नका. ७० मिनिटांच्या पुढचा वेळ चुकीच्या भागात बसल्यामुळे गेला, तो रेल्वेच्या माथी मारता येणार नाही.

मागणी घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. तुमच्यासाठी २४ ऑगस्ट ही शेवटची तारीख. तितकं थांबू नका. तिकीट थेट रेल्वेच्या अ‍ॅपवरून घेतलं असेल तर त्याच खात्यात, त्या प्रवासाच्या नोंदीत, भरपाईचा पर्याय दिसेल. दुसऱ्याकडून घेतलं असेल तर जर्मन रेल्वेचा 'फारगास्टरेख्टे' (प्रवासी हक्क) नावाचा फॉर्म भरा. त्याला तिकिटाची प्रत जोडा आणि ठरलेली व प्रत्यक्ष पोहोचण्याची वेळ, गाडीचा नंबर, तारीख नीट लिहा. उशिराची नोंद रेल्वेकडे असतेच, पण तुमच्याकडे फलाटावरच्या पाटीचा किंवा अ‍ॅपचा फोटो असेल तर तोही लावा. महिन्याभरात उत्तर द्यायला रेल्वे बांधील असते.

एका जागी तुम्ही नक्की अडाल. फॉर्ममध्ये बँक खात्यासाठी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खातं क्रमांक, मागतात. भारतातल्या खात्याला आयबॅन नसतो. ती चौकट मोकळी ठेवून सोबतच्या पत्रात खातं क्रमांक, खातेदाराचं पासपोर्टवर आहे तसं नाव, बँकेचा आणि शाखेचा पत्ता व स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारांसाठी बँकेची ओळख सांगणारा कोड) लिहा. स्विफ्ट कोड तुमच्या शाखेला नसेल तर बँक आपल्या परदेशी व्यवहार बघणाऱ्या शाखेचा देते, तो तिथे जाऊन लेखी घ्या. परदेशातून येणाऱ्या पैशावर बँक शुल्क कापते, ५० युरोंमधून त्याचा चांगलाच चिमटा बसेल. परभणीतल्या कोणाचा मुलगा-मुलगी जर्मनीत शिकत किंवा नोकरीला असेल, तर त्यांच्या खात्यावर मागवणं सोपं.

पॅरिसचं वाया गेलेलं तिकीट, खोल्या आणि नवी तिकिटं यांचे पैसे या नियमाने मिळणार नाहीत. कारण स्पष्ट आहे. तुम्ही दोन वेगळे करार केले होते. पहिल्या रेल्वेने तुम्हाला कोलोनला पोहोचवायचं कबूल केलं होतं आणि त्या संध्याकाळी तिने तुम्हाला कोलोनला पोहोचवलं. तिथून पुढे तुमचं पॅरिसचं काय, हे तिच्या करारात नव्हतं. हाच प्रवास बर्लिन ते पॅरिस असा एका तिकिटावर असता तर चित्र पालटलं असतं. मधली गाडी चुकली की पुढच्या गाडीत बसवणं, रात्र काढावी लागली तर निवास देणं, वाट बघताना खाणंपिणं देणं, ही सगळी रेल्वेची जबाबदारी झाली असती. शिवाय भरपाई पूर्ण भाड्यावर मोजली गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी पोहोचल्यामुळे ती ५० टक्के झाली असती. हाच नियम आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्या विक्रेत्याने किंवा टूरवाल्याने आपल्या मनाने सुटी तिकिटं जोडून एकाच व्यवहारात तुम्हाला विकली, ती वेगळी आहेत हे आधी स्पष्ट सांगितलं नाही, आणि त्यामुळे जोडगाडी, म्हणजे उतरून पकडायची पुढची गाडी, चुकली, तर त्याने पूर्ण रक्कम आणि वर ७५ टक्के भरपाई द्यायची असते. तुम्ही दोन ठिकाणी आठवड्याच्या अंतराने तिकिटं घेतलीत, तेव्हा हे तुम्हाला लागू नाही. पुढच्या वेळी मात्र पैसे भरताना बघा: एकच पावती आली की दोन?

त्या रात्री तुमच्या हातात एक गोष्ट होती आणि ती निसटली. युरोपातल्या बऱ्याच रेल्वे कंपन्यांमध्ये आपसात समझोते आहेत. त्यांनुसार वेगळ्या तिकिटावरची पुढची गाडी आधीच्या गाडीच्या उशिरामुळे चुकली, तर जागा असेल तेव्हा जुन्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसू देतात. हा हक्क नव्हे, सोय आहे, आणि ती स्टेशनवर माणसासमोर उभं राहून मागावी लागते. आधी पहिल्या गाडीतल्या टीसीकडून किंवा स्टेशनवरच्या चौकशी खिडकीवर उशिराची लेखी नोंद किंवा शिक्का घ्यायचा, मग पुढच्या गाडीच्या माणसाला तो दाखवायचा. तुम्ही बाकावर बसून मोबाइलवर ७५० युरोंची नवी तिकिटं काढलीत. घाबरलेला माणूस तेच करतो. पण नवं तिकीट घेतल्यावर जुन्याचं बोलणं संपतं. आधी खिडकी गाठायची, ती बंद असली तर फोन करायचा, आणि सगळं संपल्यावरच पैसे भरायचे.

दंडाचं असं: जर्मनीत विनातिकीट प्रवासाला भाड्याच्या दुप्पट, किमान ६० युरो आकारतात. स्वतःच्या नावाचं तिकीट होतं पण जवळ नव्हतं, असं आठवड्याच्या आत दाखवलं तर तो दंड ७ युरोंवर येतो. तुमच्या मित्रांच्या नावाचं तिकीट नव्हतं आणि आठवडाही कधीच उलटला. तरी पावतीवर जो पत्ता आणि नंबर छापलेला आहे तिथे एक सविस्तर मेल करायला हरकत नाही. पाच जणांचं त्याच गाडीचं पैसे भरलेलं तिकीट, भाग सुटण्याची जागा, दोघंही पर्यटक. दया म्हणून कमी करतीलही. वाद घालण्याचा सूर नको, विनंतीचा ठेवा. मूळ पावत्या लागतील.

विम्याची पॉलिसी काढून एकदा वाचा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते तुमच्याकडे आहेच. त्यातच जोडगाडी चुकण्याचं कलम असू शकतं, पण अनेकदा ते फक्त विमानापुरतं असतं. 'प्रवासी वाहतूकदार' या शब्दाची व्याख्या शोधा, तिच्यात रेल्वे असेल तर उशिराच्या दाखल्यासह दावा करा. त्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती छोटी असते.

हिशोबाबद्दल माझं मत साधं आहे. १,५०० चे पाच भाग, माणशी ३०० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर तीस हजार. दंडाचे १४० युरोही यातच धरा. रिझर्व्हेशन न करणं, एकाच नावाचं तिकीट, एकाच फोनवरचं इंटरनेट, हे पाचही जणांना मान्य होतं, कोणी हरकत घेतली नव्हती. दोघांनी दारावरची पाटी वाचली नाही, पण ती वाचायची असते हे बाकीच्या तिघांना तरी कुठे माहीत होतं? तुम्ही बुकिंग केलंत म्हणून जास्त भरतो असं मात्र म्हणू नका. तुम्हाला ते मोठेपणाचं वाटेल, पण फुकट राबणाऱ्यानेच भुर्दंड भरायचा हा पायंडा पडला की पुढच्या प्रवासाचं काम कोणी हातात घेणार नाही. रेल्वेचे ५० युरो आले की माणशी १० युरो वजा होतील.

असा मेसेज चालेल: "गड्यांनो, कोलोनचा हिशोब मांडलाय. आपली गाडी ७० मिनिटं लेट होती, मध्ये वेळ ४० मिनिटांचा होता. म्हणजे सगळे एका डब्यात असतो तरी पॅरिसची गाडी गेलीच होती. खर्च १,५०० युरो, पाचात ३००. रेल्वेकडून ५० मागतोय, आले की वाटून घेऊ. तिकिटं, पासपोर्ट, नेट सगळं माझ्याकडे ठेवलं ही माझी चूक, पुढच्या वेळी ज्याचं त्याच्याकडे." याहून लांब लिहू नका. कोणाचं नाव घेऊ नका.

स्वित्झर्लंड-इटली बारगळू देऊ नका. फक्त असं ठरवा की पाचांपैकी प्रत्येक जण एक दिवस एकटा पडला तरी संध्याकाळी मुक्कामी पोहोचला पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाचा पासपोर्ट त्याच्या अंगावर, शर्टाच्या आतल्या पाऊचमध्ये. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स दुसऱ्या एकाच्या बॅगेत. प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःचं ई-सिम. भारतीय सिमही चालू ठेवा, नाहीतर कार्डाचा ओटीपी येणार नाही आणि ऐनवेळी पैसेच भरता येणार नाहीत. स्वतःच्या नावाचं तिकीट फोनमध्ये उतरवलेलं आणि कागदावरही. खिशात एक चिठ्ठी: आजच्या मुक्कामाच्या हॉटेलचं नाव-पत्ता आणि बाकी चौघांचे नंबर, देशाच्या कोडसह. फोन बंद पडला की कोणालाच कोणाचा नंबर आठवत नाही. आणि त्या दोघांना हेही सांगा की आयसीई गाडीत फुकट वायफाय असतं. ते जोडलं असतं तर हामच्या पुढच्याच स्टेशनवरून तुम्हाला मेसेज आला असता आणि तिकिटाचा फोटो टीसीला दाखवून निदान बोलता आलं असतं.

चुकामूक झाली तर काय करायचं हे निघण्यापूर्वीच ठरवा, त्या वेळी ठरवायला डोकं ताळ्यावर नसतं. जो चुकीच्या गाडीत आहे त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरायचं आणि तिथेच थांबून मेसेज करायचा. जे बरोबर गाडीत आहेत त्यांनी अर्ध्यात उतरायचं नाही, मुक्कामी जाऊन चौकशी खिडकीपाशी थांबायचं. दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघाल्या की रात्र होते.

गाड्या निवडताना वेगळ्या तिकिटांमध्ये किमान दोन तास ठेवा आणि दिवसातल्या शेवटच्या गाडीवर मुक्काम टांगू नका. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे वेळेवरच धरतात. ४० मिनिटांची जोड म्हणजे उघड जुगार होता. जर्मनीत मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की तिकिटाचं ठराविक गाडीचं बंधन सुटतं, तेव्हा लवकर पोहोचवणारी दुसरी गाडी बिनधास्त धरा. आणि कुठेही गाडी रद्द झाली किंवा जोडगाडी चुकली आणि रेल्वेने सुटण्याच्या वेळेपासून १०० मिनिटांत पर्याय सांगितला नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या रेल्वेचं किंवा बसचं वाजवी तिकीट काढून त्याचे पैसे मागता येतात. पावती ठेवा.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण तिथेही २०२१ पासून ६० मिनिटांना २५ आणि १२० ला ५० टक्के असाच नियम आहे. तिथली चूक वेगळी होते: दार आपोआप उघडत नाही. दारावरचं बटण दाबावं लागतं, नाहीतर स्टेशन आलं, गेलं आणि तुम्ही आत उभेच. बाझेलला दोन मोठी स्टेशनं आहेत, एक स्विस आणि एक जर्मन रेल्वेचं. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाल तर कोलोनकडून येणारी गाडी पॅरिसच्या गार दु नोर स्टेशनला उतरवते आणि स्वित्झर्लंडची गार द लियों स्टेशनवरून सुटते. मध्ये शहर ओलांडायचंय, सामानासह तासभर धरा. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. तो नसेल तर पैसे भरलेलं तिकीट हातात असूनही दंड होतो. व्हेनिसला बेटावर जायचं असेल तर सांता लुचिया, मेस्त्रे नव्हे. संपाची बातमी किमान दहा दिवस आधी जाहीर होते. 'शोपेरो' हा शब्द दिसला की समजा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात, तेव्हा त्या दिवशीचा प्रवास त्या वेळेत बसवा.

मेसेज टाकण्याआधी मात्र तुमच्या बालवाडीपासूनच्या मित्राला फोन करा, आणि उचलला नाही तर घरी जा. त्याने ग्रुप सोडला तो पैशांसाठी नसावा. ड्युसेलडॉर्फच्या फलाटावर तिकीट, पासपोर्ट, इंटरनेट काहीच नसताना काय वाटलं, हे अजून कोणी त्याला विचारलेलं नाही. आधी तेवढंच विचारा आणि ऐकून घ्या. त्यानंतर दंडाची मूळ पावती त्याच्याकडून मागून घ्या, तुमच्या मेलला ती जोडायची आहेच.